अंगणात ताड लावण्याची झटपट पद्धत (अवघी २० वर्षे)

शिवथर घळीच्या वाटेवर चार गुंठे घेऊन बंगला बांधलेल्यांना एकच रुखरुख असते: घर दुमजली झालं, अंगण मात्र ठेंगणंच राहिलं. त्यांच्यासाठी ही कृती.

साहित्य: पिकलेलं ताडफळ १, पहार १, नातवंडं (नसल्यास वेळीच सोय करावी).

१. जात पारखा. डोंगरात माशाच्या शेपटीसारख्या पानांचा दिसतो तो भेरली माड. तो वरून खाली फुलत येतो आणि फुलणं संपलं की मरतो. आपल्याला हवा पंख्यासारख्या पानांचा ताड.

२. फळात बहुधा तीन बाठे निघतात. जिथे झाड हवं तिथेच पुरा. कोंब आधी हातभर खाली जातो, पान मागाहून वर येतं. रोज उकरून पाहू नये. ‘जरा जागा बदलून बघू’ म्हणणारा दासबोधातल्या मूर्खलक्षणांत सापडत नाही. समर्थ इथल्याच घळीत होते खरे, पण तेव्हा प्लॉट पडले नव्हते.

३. पुढची कित्येक वर्षं झाड बसूनच असतं. पानं येतात, खोड नाही. पाव्हणे विचारतील, “हा केवडा का?” हो म्हणावं. ताड आधी जाडी पुरी करतो, मग उंच होतो. आपल्यात हा क्रम उलटा असतो.

४. शेंडा छाटून आकार देऊ नये. ताडाला वाढायला तो एकच कोंब. तो गेला की झाड गेलं. देठांच्या कडांना करवतीचे दात असतात, तेव्हा छाटणी झालीच तर तुमची होईल.

५. नर की मादी, हे १२-१५ वर्षांनी फुलोरा आल्यावर कळतं. नर निघाल्यास ताडगोळे बाजारातून आणावेत. मादी शेजाऱ्याकडे निघते.

६. खाली गाडी लावू नये. काकतालीय न्यायातला ‘ताल’ तो हाच. कावळा उडून जातो, काच जाते.

७. संध्याकाळी बुंध्याशी ताकाचा पेला घेऊन बसू नये. गाव ताक म्हणणार नाही.

फलश्रुती: सुगरणी पानांना खोपे टांगतील, वारा सुटला की पानं पाऊस आल्यासारखी वाजतील. नातू बुंध्याला टेकून फोटो काढेल आणि मित्रांना सांगेल, “हे झाड ना, पहिल्यापासून इथेच होतं.”