सातव्यांदा ऐका

'हेवी मेटल' म्हणजे विजेवरच्या गिटारींचा आवाज मुद्दाम फाटू देऊन जड ठेक्यावर उभे केलेले पाश्चात्त्य संगीत. त्याचा मध्यमवयीन मराठी उपासक वाचकांच्या चांगल्याच परिचयाचा असल्याने त्याच्या केसांचे वर्णन येथे केलेले नाही. शिवाय ते आता फारसे उरलेलेही नाहीत. रायपुरात नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी माणसे नांदत आली आहेत. तेथील तात्यापाऱ्यात ('पारा' म्हणजे छत्तीसगढीत वस्ती) आढळणारा नमुना 'ब्लॅक सॅबथ' ह्या इंग्लिश बँडचा निष्ठावंत असून, त्याचे समग्र तत्त्वज्ञान "सातव्यांदा ऐका" ह्या दोन शब्दांत मावते.

हा सात आकडा सप्तसुरांतून किंवा सप्तपदीतून आलेला नाही. नागपूरहून कोणीतरी भरून आणलेल्या कॅसेटवर त्याने त्या बँडची 1970 सालची पहिली तबकडी प्रथम ऐकली, तेव्हा आरंभीचा पाऊस, घंटा आणि त्यामागून येणारा घरघराट ऐकून टेप बिघडला अशी त्याची खात्री झाली. मग स्पिरिटात बुडवलेल्या कापसाने हेड पुसणे, पेन्सिल घालून फीत घट्ट करणे, सेल बदलणे असे उपचार करीत प्रत्येक उपचारानंतर त्याने तेच गाणे पुन्हा लावले, आणि सातव्या खेपेस त्याला ते आवडले. टेप पहिल्यापासून ठणठणीत होता.

तेव्हापासून कोणत्याही गोष्टीविषयी सातव्या खेपेपूर्वी मत देणे त्याला असभ्यपणाचे वाटते. कारल्याची भाजी नको म्हणणाऱ्या मुलांना तो सातव्यांदा खायला सांगतो, पहिल्याच भेटीत मुलगी नाकारून आलेल्या भाच्याला आणखी सहा वेळा पोहे खाऊन येण्याचा सल्ला देतो, आणि घराचा नळ गळू लागला तरी प्लंबरला सातव्या दिवसाआधी बोलावत नाही. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनाही त्याने एकदा त्या गाण्यातला षड्ज आणि तीव्र मध्यम ह्यांचा संबंध, म्हणजे पंचमाच्या उंबऱ्यावरच अडलेला तो अस्वस्थ स्वर, पेटीवर वाजवून समजावला होता. त्यांनी वाण घेतले आणि त्या पुढच्या घरी गेल्या.

त्याचे दुसरे प्रमेय भौगोलिक आहे. ब्लॅक सॅबथ जेथे जन्मला ते बर्मिंगहॅम कारखान्यांचे शहर, आणि त्याचा गिटारवादक टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यातील नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गमावून बसला. तो डावखुरा असल्याने तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैल करून स्वर खाली उतरवला, आणि त्या गंभीर आवाजावर पुढच्या पिढ्यांनी इमले बांधले. हे सांगून झाल्यावर उपासक हळहळतो, की भिलाईची पहिली झोतभट्टी 1959 सालीच पेटली होती, उरला-सिलतऱ्याला लोखंडाचे कारखाने आले, आणि तरीही हा मान छत्तीसगढला मिळाला नाही. ऐकणाऱ्यांपैकी कोणालाही ह्याचे दुःख झाल्याचे दिसत नाही.

गणेशोत्सवात हे गाणे लावण्याची त्याची विनंती दरवर्षी 'गोंगाट' म्हणून फेटाळली जाते. फेटाळणारी मंडळी विसर्जनाला धुमाल आणतात. धुमाल म्हणजे गाडीवर ढोल-ताशे आणि इलेक्ट्रॉनिक पॅड चढवून काढलेला असा आवाज, की ज्याने कपाटातल्या बश्या जागा बदलतात. ह्या बाबतीत उपासकाची बाजू न्याय्य आहे, हे नाइलाजाने नोंदवावे लागते.

वस्ती त्याला वर्षातून एकदाच मानते, ती संक्रांतीला. त्या दिवशी काळे वस्त्र शास्त्रोक्त असते आणि बारा महिने काळ्या टी-शर्टात वावरणारा तो अचानक पाऱ्यातला सर्वांत रीतसर पोशाखाचा गृहस्थ ठरतो. फक्त तो टी-शर्ट धुऊन धुऊन आता राखाडी झाला आहे, त्यामुळे हाही मान फार वर्षे टिकेल असे नाही.

त्या बँडचा गायक ऑझी ऑझबर्न 22 जुलै 2025 रोजी वारला. भारतात ती बातमी रात्री उशिरा पोहोचली, आणि दुसऱ्या दिवशी उपासकाच्या घरातून आवाज आला नाही. दोन दिवसांनी दीप अमावास्या होती. छत्तीसगढात तीच हरेली, जिच्यात शेतकरी नांगर-कुदळी धुऊन पुजतात आणि लोहार चौकटीत खिळा ठोकतो. समया, निरांजने चिंचेने घासत बसलेल्या त्याच्या आईने, जिने ते गाणे तीस वर्षे भिंतीपलीकडून ऐकले होते, "आज तुझी ती घंटा नाही वाजली?" एवढेच विचारले, आणि त्याने टेप लावल्यावर शेवटपर्यंत हात न थांबवता पितळ घासले. तिचे ते सातवे ऐकणे निश्चितच नव्हते. मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

तात्यापाऱ्यात त्याच्याकडे चहाला जाणाऱ्यांनी हाताशी तासभर तरी ठेवून जावे. गाणे सहा मिनिटांच्या वर आहे, आणि तो एकदा ऐकवून सोडत नाही.