गाडीचं विसरणं

पावसाळ्यात घोरावाडीला घोराडेश्वराचा डोंगर ढगात जातो, पुण्याला जायला लोकल असतेच, आणि गाडी आठवडेच्या आठवडे दारात भिजत राहते. बॅटरी उतरू नये म्हणून जाणती माणसं सांगतात, दहाचा पाना घ्या आणि निगेटिव्हची वायर सोडून ठेवा. उघडीप पडल्यावर वायर जोडली की गाडी सुरू होते, पण ती आपली राहिलेली नसते. सिग्नलला थरथरते, स्लोला अचानक बंद पडते. लांबच्या नात्यातला पाहुणा चहा हवा की नको हे ठरवताना अवघडतो, तशी रेसला घुटमळते.

वडिलांच्या फियाटला असलं काही व्हायचं नाही. तिला मुळात काही आठवतच नसे. ती चोकवर आणि वडिलांच्या मिनतवारीवर चाले. २००० साली प्रदूषणाचे नवे नियम आले, कार्बोरेटर मागे पडले आणि गाड्यांना स्मरणशक्ती फुटली. एका किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा, हा पुस्तकातला हिशेब. पण इंजेक्टर म्हातारा झालेला, थ्रॉटलवर काजळी धरलेली, कुठल्याशा नळीतून हवा चोरटी शिरणारी. धुराड्यातला ऑक्सिजन हुंगत हुंगत इंजिनाचा संगणक या दुखण्यांची सवय करून घेतो, बेरीज-वजाबाकी लिहून ठेवतो. बऱ्याच गाड्यांत ही वही बॅटरीच्या जिवावरच शाबूत असते. वायर सुटली की वही कोरी, आणि संगणक पुन्हा पुस्तकातल्या निरोगी इंजिनाला पेट्रोल वाढू लागतो.

इथून देहू जवळ. इंद्रायणीत बुडवलेली गाथा लोकांना तोंडपाठ होती म्हणून तरली, असं मानणारे पुष्कळ आहेत. आमच्या गाडीची खोकल्या-कण्हण्याची गाथा कुणालाच पाठ नाही.

सोमाटणे फाट्यावरचे मेस्त्री मात्र निर्धास्त. "शिकंल परत. जरा लोणावळ्यापर्यंत फिरवून आणा." औषध म्हणून लोणावळा सांगणारा माणूस मला फार आवडतो. आता वडगाव, कान्हे, कामशेत करत जायचं, आणि वाटेत ती एकेक दुखणं नव्यानं ओळखणार.

हे शिकणं हवा-पेट्रोलपुरतं असतं, चालवणाऱ्याच्या स्वभावाशी त्याचा फारसा संबंध नाही, हे मी घरी नीट समजावून सांगितलं. बायकोनं शांतपणे ऐकून घेतलं आणि किल्ली उचलली. "असू दे. पहिले चार दिवस मीच चालवते. जरा बरं वळण लागेल."