जादा तासाची मेहेरबानी

कर्णबधिर विद्यार्थ्यांची परीक्षेत आबाळ होते, असे कोण म्हणेल? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, सगळे नावानिशी सांगितले आहे. त्या यादीत सांकेतिक भाषेचा दुभाषा नाही, एवढेच. तीन तासांत न उलगडलेले वाक्य मग चौथ्या तासातही न उलगडण्याची रीतसर सोय होते. मध्येच पर्यवेक्षक प्रश्नपत्रिकेतली दुरुस्ती खणखणीत आवाजात जाहीर करतात. तोंडी परीक्षेत तर ‘जरा मोठ्याने बोला’ असा प्रेमळ आग्रहही होतो. साहेब, घड्याळ पुरे झाले. प्रश्न सांकेतिक भाषेत समजावा, उत्तर त्याच भाषेत चित्रित करून घ्या. कॅमेरे अनेक परीक्षागृहांत आहेतच. सध्या ते फक्त कॉपी पकडतात.