तांब्याभर हिमनदी

"किती दिवस?" आबांनी फोनवर विचारलं.

"चार."

"रोज चालणं किती?"

"सहा-सात तास."

"अन् शेवटाला काय हाये? देव-बिव?"

देव नव्हता. शेवटाला बसचा थांबा होता. पोस्टाची पिवळी बस, आपल्या लालपरीची स्वित्झर्लंडमधली सावत्र बहीण. हे सांगितल्यावर केज तालुक्यातल्या आमच्या ओट्यावरून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग आबा म्हणाले, "पंढरीला चल म्हणलं तर तुझे गुडघे दुखतेत."

झुरिकला येऊन मला आठ वर्षं झाली. संगणकाकडे बघत बसायचा पगार घेतो. इथे हिवाळ्यात सोमवारी सकाळी लोक एकमेकांना एकच प्रश्न विचारतात: बर्फ कसा होता? तीन हिवाळे मी खिडकीतून बघून "छान होता" असं ठोकून दिलं. चौथ्या हिवाळ्यात लाज वाटली आणि स्कीची शिकवणी लावली. वर्गात माझ्याबरोबर पाच-पाच वर्षांची सात पोरं. बाईंनी पहिल्या दिवशी शिकवला तो 'फ्लुग'. स्कीची पुढची टोकं जवळ घ्यायची, मागची फाकवायची, म्हणजे वेग मरतो. फ्लुग म्हणजे जर्मन भाषेत नांगर. ही गोष्ट आबांना मी मोठ्या हौसेनं सांगितली. ते म्हणाले, "हितला नांगर सोडून पळालास, अन् तिथं फी भरून नांगर शिकायलास."

तो नांगर अंगात मुरेपर्यंत आणखी तीन हिवाळे गेले. मग ऑफिसातल्या मंडळींनी एप्रिल २०२३ मधल्या एका सफरीत माझं नाव परस्पर घालून टाकलं. हिमनदीवरून चार दिवसांची स्की टूर, सोबत गाईड. यात लिफ्ट नसते. घसरायची हौस असेल तर आधी आपल्या पायांनी वर चढायचं. त्यासाठी स्कीच्या तळाला कातडी चिकटवतात. पूर्वी ती सीलची असे, आता मोहेर आणि नायलॉनची असते. तिची लव मागे झुकलेली, त्यामुळे स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. ऑफिसातले लोक मला हे विज्ञान तासभर समजावत होते. बालाघाटच्या माळावर ज्याच्या पायजम्यात कुसळ शिरलंय त्याला हे समजवायची गरज नसते. कुसळसुद्धा पुढेच जातं.

गाईडला आगाऊ पैसे पाठवले तेव्हा आबांना पहिल्यांदा खरी काळजी वाटली. आमच्याकडून दर दिवाळीनंतर हजारो माणसं ऊसतोडीला जातात. त्यांना मुकादम आधी उचल देतो, मग राबवून घेतो. "आरं, पहाटं चारला उठवणार, पाठीवर वझं देणार, दिवसभर चालवणार," आबा म्हणाले, "अन् मुकादमाला उचल तूच द्यायलास?" मी गाईडच्या बाजूनं बरंच बोललो. पण त्या दिवसापासून माझ्या मनात त्याचं नाव मुकादमच पडलं.

आईची काळजी निराळी होती. आम्ही 'ह्युट्टे'मध्ये राहणार होतो. मी त्याचं भाषांतर 'झोपडी' असं करून बसलो. ही झोपडी दगडी असते आणि तिच्यात दीडशे माणसं झोपतात, हे नंतर कितीदा सांगितलं, पण उपयोग झाला नाही. पोरगा परदेशात जाऊन झोपडीत राहतो, ही बातमी तोवर गल्लीत गेली होती.

सुरुवात युंगफ्राउयोखहून. ३,४५४ मीटर उंचीवर रेल्वेचं स्टेशन, १९१२ पासून चालू. आयगर आणि म्योंख या डोंगरांच्या पोटातून बोगदा काढून गाडी वर आणलीय. वर निम्मी गर्दी आपली. हिंदी सिनेमानं आपल्या लोकांना हा देश इतका दाखवलाय की खाली इंटरलाकेनमध्ये यश चोप्रांचा पुतळा उभा आहे. मी बुटाचे चाप आवळत बसलो होतो. अंगावर पट्टे, कमरेला दोराचे हुक, पाठीवर फावडं आणि बर्फात खुपसून बघायची लांब काठी, छातीवर ४५७ किलोहर्ट्झवर टिकटिकणारं यंत्र. हिमकड्याखाली गाडला गेलो तर याच टिकटिकीवर बाकीचे मला शोधणार. तेवढ्यात एका सहल कंपनीच्या टोप्या घातलेला मराठी घोळका आला. त्यातल्या एक काकू माझ्यासमोर थांबल्या.

"मराठी का हो?"

तोंड उघडलं नव्हतं तरी त्यांनी ओळखलं. बहुधा चाप लागत नव्हता तेव्हा मी जे पुटपुटलो त्यावरून.

"हे सगळं घालून कुठे?"

"या दारातून बाहेर. चार दिवस हिमनदीवर."

काकूंनी दाराबाहेरच्या पांढऱ्या शून्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पर्समधून मेथीचे दोन लाडू काढून माझ्या हातात ठेवले आणि हलक्या आवाजात विचारलं, "घरी माहिती आहे ना?"

बाहेर आल्यावर मुकादमानं प्रत्येकाच्या छातीवरचं यंत्र तपासलं आणि आम्ही आलेच हिमनदीवर उतरलो. आल्प्समधली ही सगळ्यात मोठी, वीसेक किलोमीटर लांब. कोंकोर्डियाप्लाट्झ म्हणून एक जागा आहे, तिथे तीन-चार हिमप्रवाह एकत्र येतात. मध्यभागी बर्फाची जाडी आठ-नऊशे मीटर. उभं राहिलं की शेजारचा माणूस ज्वारीच्या दाण्याएवढा वाटतो. आदल्या रात्री आबांनी विचारलं होतं, "नदी म्हणतूस, तर पाणी किती टीएमसी?" मराठवाड्यात दुसरं परिमाण चालत नाही. हिशेब मांडला होता. या हिमनदीत अंदाजे ११ अब्ज टन बर्फ आहे, म्हणजे वितळवला तर ३८० टीएमसीच्या वर. जायकवाडी १०२ टीएमसीची. जवळपास चार जायकवाड्या, काठोकाठ. "अन् सोडतेत किती?" आबा लगेच म्हणाले. आमच्याकडे पाण्याचा आकडा कळला की दुसरा प्रश्न आवर्तनाचा.

तर अशा चार जायकवाड्यांवर दिवसभर घसरत, पडत, उठत मी संध्याकाळी कोंकोर्डिया झोपडीच्या पायथ्याशी पोचलो. वर पाहिलं तर झोपडी कड्यावर टांगलेली, आणि तिथवर लोखंडी जिना. चारशेच्या वर पायऱ्या. स्की पाठीला बांधायच्या आणि त्या प्लास्टिकच्या बुटांनी, पाय न वाकवता, लाकडी बाहुलीसारखं चढायचं. दीडशेव्या पायरीवर मी मुकादमाला विचारलं, की पूर्वजांनी झोपडी जरा खाली का नाही बांधली? तो म्हणाला, खालीच बांधली होती. १८७७ साली पहिली झोपडी उभी राहिली तेव्हा बर्फ पन्नासेक मीटरच खाली होता. झोपडी जागेवर राहिली, हिमनदी खचत गेली. दर काही वर्षांनी खालच्या टोकाला जिन्याचा नवा तुकडा जोडावा लागतो.

मी तिथेच बसलो. दम लागला होता हे खरं, पण बसलो त्याचं कारण ते नव्हतं. हा जिना माझ्या ओळखीचा होता. आमच्या विहिरीला आजोबांच्या वेळी सहा परसावर पाणी लागायचं. आबांनी आणखी तीन परस खोदलं, मग आत आडवे बोअर मारले, आणि दर खेपेला खालच्या टोकाला चार पायऱ्या वाढल्या. रात्री जिन्याचा फोटो पाठवला. आबांनी त्यावर बोट फिरवून फिरवून फोटो मोठा केला असणार, कारण उत्तराला वेळ लागला. "म्हंजी त्यांचीबी विहीर खाली चालली," असा निरोप आला. पाठोपाठ दुसरा: "बोअर मारू नगा म्हणावं."

खरी मजा वर झोपडीत होती. बूट काढले, आणि आमच्या टोळीतला एक जर्मन सहकारी, अत्यंत टापटिपीचा माणूस, तोंड धुवायला गेला आणि रिकाम्या चेहऱ्यानं परत आला. नळाला पाणी नव्हतं. एप्रिलात तिथे सगळं गोठलेलं. बर्फ वितळवून होईल तेवढ्या पाण्यात सूप आणि चहा. संडास बाहेर, कोरडा. प्यायचं पाणी बाटलीत, दीड लिटरला बारा फ्रँक, म्हणजे अकराशे रुपये. एवढं महाग का? तर ते हेलिकॉप्टरनं येतं. मी झोपडीच्या मालकिणीला पुन्हा विचारून खात्री केली. पायाखाली चार जायकवाड्या, आणि पाणी टँकरनं. फक्त टँकरला पंखा.

आमच्या टोळीवर अवकळा आली. दिवसभर ज्यांच्या डौलदार वळणांकडे मी बर्फात पालथा पडून बघत होतो, ती माणसं कोरड्या बेसिनभोवती पोरकी उभी होती. आणि मला आयुष्यात पहिल्यांदा बर्फात घरच्यासारखं वाटलं. मी मालकिणीकडून अर्धा पेला कोमट पाणी मागून घेतलं. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या आजीनं बसवलेली पद्धत आहे, घरात प्रत्येकाला मुंजीआधी शिकवली जाते. पेला डाव्या हातात तिरपा. उजव्या हाताची तीनच बोटं ओली करायची, पूर्ण तळवा नाही. आधी डोळे, मग कानामागं, मग मान. बोटं पुन्हा ओली, नाक आणि गाल. पेल्यात निम्मं उरलं पाहिजे. त्यातला एक घोट तोंडात घेऊन दात घासायचे, दुसऱ्या घोटानं चूळ. उरलं ते पायावर. चुळीचं पाणी आमच्याकडे कढीपत्त्याच्या बुडात टाकतात. मी सवयीनं कढीपत्ता शोधत चार पावलं बर्फात गेलोसुद्धा.

मागे वळलो तर पेले घेऊन तिघं रांगेत उभे. जर्मन सहकाऱ्याचा पहिला प्रयत्न फसला, त्यानं सगळं पाणी एकदम तोंडावर मारलं. "तळवा नाही," मी म्हणालो, "बोटं." तो ओशाळला. दिवसभर त्यानं मला "वजन पुढे, गुडघे वाक" असं सांगितलं होतं, अगदी त्याच आवाजात मी बोललो असणार. मुकादम चहा पीत दारातून बघत होता. त्यानं पेला माझ्याकडे किंचित उचलला.

हा मान सकाळी साडेपाचपर्यंत टिकला. दुसऱ्या दिवशी ग्र्युनहॉर्नलुके ही खिंड होती, ३,२८० मीटरच्या आसपास. चढ तीव्र झाला की नागमोडी जायचं, आणि प्रत्येक वळणावर 'श्पिट्सकेरे'. एक पाय स्कीसकट उचलून उलट दिशेला ठेवायचा, क्षणभर दोन पाय दोन गावांना तोंड करून उभे, मग मागचा पाय झटक्यात फिरवून आणायचा. तासाच्या शेवटी बैल वळवतात तसंच, फक्त इथे बैलही आपण आणि जूही आपणच. माझा मागचा बैल दर वळणाला अडायचा. सातव्या वळणावर मी उताराच्या बाजूला आडवा झालो आणि काकूंचा उरलेला लाडू खिशात फुटला.

पुढे दोर बांधला. हिमनदीला भेगा असतात आणि त्यांच्यावर ताज्या बर्फाचं पातळ छत असतं. मुकादम काठी खुपसत पुढे. "भेग ओलांडायची ती काटकोनात," त्यानं बजावलं, "भेगेच्या बाजूनं चालायचं नाही, नाहीतर सगळे एकाच भेगेवर येतील." मी मान डोलावली. मे महिन्यात काळ्या रानाला भेगा पडतात तेव्हा आबा वासरू नेताना हेच करतात. आमच्या भेगेत फार तर वासराचा पाय जातो, एवढाच फरक.

दुसरा मुक्काम फिन्स्टरआरहॉर्नच्या झोपडीत, तिसरा होलांडियात. दोन्हींबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की एका लांबलचक फळीवर चौदा माणसं ओळीनं झोपतात आणि घोरण्याला भाषा नसते.

चौथ्या दिवशी ल्योचेनलुके खिंडीतून उतार. पहाटेचं कडक कवच उन्हानं वरवर मऊ झालेलं. बाकीच्यांनी त्यावर अशी वळणं काढली की रांगोळी वाटावी. मी वरपासून खालपर्यंत नांगर धरला. मांड्या पेटल्या, पण पडलो नाही. खाली मुकादमानं माझ्या रुंद, सरळ तासाकडे वळून पाहिलं आणि विचारलं, "पेरणी कधी?"

ब्लाटेन गावात पोचलो. काळपट लाकडी घरं, पांढरं चर्च. तिथल्या एका नळाखाली मी कोपरापर्यंत हात धरून उभा राहिलो. ते गाव आता नाही. २८ मे २०२५ ला वरचा डोंगर बिर्श हिमनदीवर ढासळत गेला आणि ती हिमनदीच तुटून गावावर आली. तीनशे माणसं आधीच हलवली होती. आबांनी टीव्हीवर पाहून फोन केला, "ते तुझ्या बसच्या थांब्याचं गाव का रे?" हो म्हणालो. पुढे कुणालाच काही सुचलं नाही.

हे नंतरचं. सफरीनंतरच्या वर्षी, मे २०२४ मध्ये, मी गावी गेलो होतो. आदल्या वर्षी पाऊस कमी, विहीर तळाला, टँकर चालू. मी घागर लावून रांगेत उभा होतो तेव्हा आबांनी टँकरच्या ड्रायव्हरला मोठ्या कौतुकानं सांगितलं, "ह्यो आमचा पोरगा. बर्फावर बसून पाणी इकत घेऊन पिऊन आला."

ड्रायव्हरनं तंबाखू मळता मळता विचारलं, "काय भाव?"

"लिटरला सातशे पडले."

त्याचा अंगठा तळहातावर थांबला. त्यानं मागे वळून आपल्या टाकीकडे पाहिलं. दहा हजार लिटर. ओठ हलले, बोटांची पेरं मोजून झाली. "सत्तर लाख," तो स्वतःशीच म्हणाला. "एक खेप."

आई हाका मारत होती, माझी घागर भरून वाहायला लागली होती. ड्रायव्हरनं तंबाखू न खाताच झटकून टाकली, दोन पावलं जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला,

"दादा, तिकडं टँकरला परमिट लागतंय का?"