घरचा चहा, व्हाया भांडुप

लंडनमध्ये चहा मिळतो, ही बातमी उंबरमाळीत अजून पोचलेली नाही. त्यामुळे इथला पोरगा परदेशी निघाला की बॅगेत खाली कपडे, मध्ये घरचा मसाला आणि नाचणीचं पीठ, आणि सगळ्यांत वर, वजनकाट्याच्या उरावर, चहा पावडरच्या पुड्या जातात. पुड्या खर्डीच्या बाजारातल्या, सुट्या मालाच्या. त्यावर ना वाघाचं चित्र, ना ताजमहालाचं. वाण्याने बरणीतून काढून तोलली, कागदात बांधली, दोऱ्याचे चार फेरे मारले, की झाला ‘घरचा चहा’.

इतिहासाची गंमत अशी की एके काळी जगभरचा चहा लंडनलाच जाऊन विकला जायचा. ईस्ट इंडिया कंपनीने १६७९ साली तिथे चहाचा पहिला लिलाव केला, आणि तो खेळ थेट १९९८ पर्यंत चालला. आसामची पानं बोटीत बसून लंडनला जात, मिन्सिंग लेनमधले लोक ती चाखत, थुंकत आणि भाव ठरवत. आता लिलाव आटोपला आहे आणि पुरवठ्याची जबाबदारी उंबरमाळीच्या आयांवर आली आहे. त्या ती चोख पार पाडतात.

तर आपला उंबरमाळीकर लंडनला पोचतो. (उंबरमाळी कुठे, असं विचारू नका. खर्डी आणि कसारा यांच्या मधलं स्टेशन. कसारा लोकलमध्ये बसलेल्या माणसाला तिथे जाग येते, तो खिडकीतून पाहतो आणि ‘अजून कसारा नाही’ म्हणून परत झोपतो.) पहिल्या आठवड्यात तो पुडी सोडतो, घरून नेलेल्या पातेल्यात, घरून नेलेल्या गाळणीसह, साग्रसंगीत चहा करतो. एक घोट घेतो. आणि त्याच्या चेहऱ्यावर तो भाव उमटतो, जो निकालात आपला नंबर न सापडलेल्या विद्यार्थ्याचा असतो.

हा तो चहा नव्हे.

मग शोधपर्व सुरू होतं. पावडर विमानात खराब झाली असेल, म्हणून तो वेम्बलीला ईलिंग रोडवर जातो. तिथल्या दुकानांत काय मिळत नाही? सोसायटी, गिरनार, वाघ-बकरी, रेड लेबल. एवढे प्रकार खर्डीच्या वाण्याने जन्मात पाहिले नसतील. तो सगळे आणतो, सगळे उकळतो. नाही. मग दोष दुधावर. तिथलं दूध गाईचं, पातळ, आणि घरी तर म्हशीचं. भारतातून दूध किंवा खवा बॅगेत घालून न्यायला ब्रिटनचा कायदा परवानगी देत नाही, म्हणून तो आटवलेल्या दुधाचा डबा फोडतो. चहा गोड होतो, घट्ट होतो, थोडा खिरीकडे झुकतो. घरचा होत नाही.

राहिला गवती चहा. आमच्याकडे हा न्हाणीघराच्या मागे, सांडपाण्याच्या पाटावर, कुणी न लावता न विचारता वाढतो. हात घातला की बोट कापतं, एवढाच त्याचा भाव. लंडनच्या सुपरमार्केटात तो प्लॅस्टिकच्या पेटीत, तीन कांड्या आडव्या झोपवलेल्या, अशा थाटात मिळतो. उंबरमाळीकर हरखतो आणि मग नीट पाहतो: पानं नाहीत! वरची सगळी पानं छाटून टाकलेली, नुसते बुडखे. त्या लोकांना तो थाई रश्शात घालायचा असतो, म्हणून बुडखा हा माल आणि पान हा कचरा. आमच्याकडे बरोबर उलट. म्हणजे ज्याच्यासाठी आपला माणूस तळमळतोय ते कुठल्या तरी गोदामात छाटून फेकून दिलेलं आहे, आणि जे फेकायचं त्याचे त्याने पैसे मोजलेले आहेत. घरून ठोंबच न्यावा म्हटलं, तर रोपासाठी वनस्पती-आरोग्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. न्हाणीघराच्या मागच्या गवताचं आरोग्य प्रमाणित करणारा अधिकारी शहापूर तालुक्यात शोधायचा, म्हणजे आधी त्याला प्रश्न समजावून सांगण्यात रजा संपायची.

अशा वेळी माणूस समाजाकडे वळतो. लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ पासूनचं. आणि जिथे चार मराठी माणसं जमतात तिथे चहावर पाच मतं असतात. एक म्हणतो, पावडर उकळीत टाकायची नाही, उकळी बसल्यावर टाकायची. दुसरा म्हणतो, साखर आधी. तिसरा पुण्याचा असतो. तो म्हणतो, अमृततुल्य प्यायल्याशिवाय चहाबद्दल बोलायचा अधिकारच पोचत नाही. विषय तिथून गणेशोत्सवाच्या वर्गणीवर जातो आणि चहा तसाच राहतो, निवत.

इंग्रजांना विचारावं, तर त्यांचा या विषयातला पूर्वेतिहास काही विश्वास ठेवण्याजोगा नाही. आपल्याला चहाची सवय लावली त्यांनीच. १९०३ साली चहावर कर बसवला आणि त्या पैशातून हिंदुस्थानभर चहाचा प्रचार केला. रेल्वे स्टेशनांवर किटल्या फिरवल्या. लोक प्यायला लागले, पण आपल्या पद्धतीने: दूध भरपूर, साखर त्याहून भरपूर, वर आलं-वेलची. पावडर मात्र कमी लागायची. झालं, चहावाले साहेब नाराज! म्हणे, ही चहा पिण्याची रीत नव्हे. तोच मसाल्याचा चहा आज त्यांच्याच हॉटेलांत कागदी ग्लासातून, फेसासकट, चांगल्या चार पौंडांना मिळतो आणि साहेब रांगेत उभा राहून घेतो. त्याला आता कुणी रीत शिकवत नाही.

पण शेवटी कोड्याचं उत्तर साहेबाच्या कागदपत्रांतच सापडलं. ब्रिटिश मानक संस्थेने १९८० मध्ये चहा कसा करावा याचं सहा पानी मानक काढलं. खोटं वाटेल, पण आहे. शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम चहा, सहा मिनिटं मुरवायचा, भांडं चिनी मातीचं. याबद्दल त्या संस्थेला १९९९ मध्ये थट्टेचं नोबेल, म्हणजे इग नोबेलही मिळालं, तेही साहित्याचं! याच पद्धतीच्या आंतरराष्ट्रीय मानकात एक बारीकशी अट आहे: चहा चाखताना पाणी तसंच वापरा, जसं तो चहा जिथे प्यायला जाणार तिथे मिळतं.

उंबरमाळीकराने ही अट वाचली आणि आईला व्हिडिओ कॉल लावला. “आई, खरं सांग, आपल्या चहात तू असं काय घालतेस?”

“काय म्हंजे?” आई म्हणाली, “पानी!”

बाई एका शब्दात जे बोलली ते बरोबर होतं. लंडनचं पाणी खडूच्या दगडातून झिरपून येतं, चुन्याने भरलेलं, जड. त्यात चहा केला की वर तेलकट साय धरते, कपाला तपकिरी कडं बसतं आणि चव बोथट होते. हे तिकडच्या चहावाल्यांना चांगलं ठाऊक आहे. एक प्रसिद्ध कंपनी तर जड पाण्याच्या गावांसाठी वेगळा चहाच विकते. उलट सह्याद्रीच्या काळ्या कातळावर पडून धरणात साठलेलं पाणी हलकं. त्यात कसलीही सुटी पावडर टाका, रंग उतरतो आणि आल्याचा वास नाकात जातो. म्हणजे दोष पुडीचा नव्हता, दुधाचा नव्हता, पुणेकराचाही नव्हता. घरचा चहा म्हणजे घरचं पाणी.

आता पुढचा प्रश्न अगदी साधा होता: घरचं पाणी कुठे मिळेल?

उत्तर: मुंबईला.

ज्यांनी फक्त पावसाळ्यातल्या पेपरात ‘सात तलावांत किती टक्के’ ही चौकट पाहिली आहे, त्यांच्यासाठी थोडी माहिती. मुंबई पिते ते पाणी बरंचसं आमच्या शहापूर तालुक्यातल्या धरणांचं. तानसा धरण १८९२ चं. तेव्हा आमच्या गावांना चहा माहीतही नव्हता, पण पाणी आधीच मार्गस्थ झालं होतं. मोडकसागर १९५७ चं. मग भातसा. सात तलावांचा मिळून उपयुक्त साठा १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर आणि त्यातले ७ लाख १७ हजार ३७ एकट्या भातशाचे. मुंबईला रोज साधारण ३,९०० दशलक्ष लिटर पाणी जातं, त्यातलं निम्म्याच्या आसपास भातशाचं. पिसे इथल्या बंधाऱ्यावर ते उचलतात, पांजरापूरला शुद्ध करतात. तानसा-वैतरण्याचं पाणी भांडुपला जाऊन न्हाऊनमाखून निघतं. आणि तिथून ते कुलाब्यापासून दहिसरपर्यंत प्रत्येक टपरीच्या पातेल्यात पडतं.

मी कागदावर हिशेब मांडला. निम्मं म्हणजे १९५ कोटी लिटर धरा. कटिंग ७५ मिलिलिटरचं धरा (हल्ली त्याहून कमीच देतात, पण आपण उदार होऊ). नुसत्या पाण्याची झाली २,६०० कोटी कटिंगं. निम्मं दूध घातलं तर ५,२००. पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला, तान्ह्या बाळापासून पोपपर्यंत, रोज सहा कटिंग पाजून पुन्हा उरतं एवढा आमच्या एका धरणाचा चहा होतो. फक्त धरणाच्या आजूबाजूच्या पाड्यांवर एप्रिलमध्ये पाहुणा आला, तर घरची बाई आधी हंड्यात डोकावते आणि मग विचारते, “चहा घेणार का?” त्या विचारण्यात एक विनंती असते. शहाणा पाहुणा म्हणतो, “आत्ताच झाला.”

कारण एप्रिलमध्ये कसारा-खर्डी पट्ट्यात पाणी टँकरने येतं. टँकर ते विहिरीत ओततो आणि बाया ते दोराने पुन्हा वर काढतात. पाणी जमिनीतून येतं हा देखावा अशा रीतीने शाबूत राहतो. घरोघरी नळ देण्याची केंद्राची योजना २०१९ ला आली. ज्या पाड्यांवर नळ बसले आणि पाणी यायचं राहिलं, तिथे त्यांचा उपयोग टॉवेल वाळत घालायला उत्तम होतो.

आणि आमच्याकडे पाणीच नाही, असं मात्र समजू नका हं! जुलै २०२१ मध्ये एका रात्रीत एवढं पडलं की उंबरमाळी स्टेशनचे रूळ दिसेनासे झाले, पाणी फलाटाला लागलं. देशभरच्या वाहिन्यांनी तो व्हिडिओ दाखवला. आमच्या गावाचं नाव दिल्लीच्या निवेदिकेने तीन वेगवेगळ्या प्रकारे उच्चारलं. तेवढं पाणी नऊ महिने पुरवून वापरायची सोय असती तर... पण सोय आहे की! सोयीचंच नाव भातसा. फक्त तिची तोटी पांजरापूरला आहे.

वाघ-बकरीच्या पुड्यावर वाघ आणि बकरी एकाच कपातून चहा पिताना दाखवले आहेत, समतेचं प्रतीक म्हणून. आमच्याकडे ती समता प्रत्यक्षात उतरली आहे: एकच धरण, काठावर मुंबई आणि शहापूर. वाघाचं पिऊन झालं की बकरीने कप विसळून ठेवायचा.

सरकारला याची जाणीव नाही असं कोण म्हणेल? शहापूरची तहान भागवण्यासाठी भावली धरणातून पाणी आणायची योजना आखली आहे. भावली कुठे? इगतपुरी तालुक्यात, नाशिक जिल्ह्यात, घाटाच्या वर. म्हणजे अंगणातलं पाणी खाली मुंबईला द्यायचं आणि आपल्यासाठी शेजारच्या जिल्ह्यातून मागवायचं. अभियांत्रिकीदृष्ट्या यात चूक काही नाही. पाणी उतारावरूनच येतं आणि मंजुऱ्याही. मुरबाडवाल्यांचं काय विचारता? त्यांच्या बारवीचं पाणी कारखान्यांना आणि शहरांना, आणि आता काळू नदीवर धरण बांधायचं घाटत आहे, तेही महानगरासाठीच. विरोध करणारे आदिवासी वर्षानुवर्षं विचारताहेत, आमच्यासाठी काय? त्यांना चहा पाजला जातो, बैठकीत. तोही बाटलीबंद पाण्याचा असावा, अशी माझी शंका आहे.

उंबरमाळीकर सुट्टीवर आला तो उन्हाळ्यात. विमानतळाबाहेर, टपरीवर, कळकट काचेच्या ग्लासातून त्याने पहिला घोट घेतला आणि तो जागीच उभा राहिला. तोच रंग, तीच चव! डोळे भरून आले. “घरचा चहा!” तो ओरडला. टपरीवाला जौनपूरचा होता. त्याने सुटे पैसे मागितले. संध्याकाळी कसारा लोकलने तो गावी पोचला, तेव्हा टँकर यायचा होता आणि आईने त्याच्या हातावर कोकमाचं सरबत ठेवलं. काल केलेलं होतं, तेवढंच उरलं होतं.

पोरगा शिकलेला, त्यामुळे त्याने अर्ज केला. ‘विषय: परदेशस्थ उंबरमाळीकरांस चहापुरते घरचे पाणी मिळणेबाबत.’ मुंबईला रोज एवढं पाणी जातं, त्यातलं दरमहा वीस लिटर योग्य शुल्क आकारून लंडनच्या पत्त्यावर पाठवावं, आणि ते शक्य नसल्यास निदान आईच्या पत्त्यावर द्यावं, अशी नम्र विनंती त्याने केली होती. तो अर्ज एका कार्यालयातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा पाण्यापेक्षा सुरळीत वाहिला आणि सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी उत्तरही आलं. कार्यालयाचा शेरा थोडक्यात असा:

‘अर्जदार हे स्थानिक रहिवासी असल्याचे सिद्ध होत नाही. सबब पुरावा म्हणून, चालू वर्षाची पाणीपट्टी भरल्याची पावती जोडून अर्ज फेरसादर करावा.’