लाउंजचा फुकट उपमा

वाशीम १ जुलै १९९८ला अकोल्यापासून वेगळा जिल्हा झाला. पण तिथे प्रवासी विमान अजून आलेलं नाही. विमानतळावरच्या लाउंजची कार्डं मात्र आली. म्हणजे शेलूबाजारला समृद्धी महामार्गावर चढायचं, टोल भरायचा, नागपूर गाठायचं आणि 'फुकट' उपमा खायचा. त्यातही कित्येक बँकांची अट: आधीच्या तिमाहीत अमुक हजार खर्च केलेत तरच दार उघडेल! कार्डाशिवाय आत जायला रोख हजार-बाराशे मोजणाऱ्यांची तर कमालच. तेवढ्यात वाशीमच्या स्टँडवर अख्ख्या वऱ्हाडाचा चहा होतो. खुर्ची मऊ असते, कबूल. पण बसायची मुदत बहुधा दोन-तीन तास. विमान पाच तास लेट झालं, की पुढे आहेच बाहेरचा लोखंडी बाक.