ओ काका, स्टँड!

जग वाईट आहे, या मतावर मी पुष्कळ वर्षं मेहनत घेतली आहे. सकाळी पेपर हातात आला की आधी सोनसाखळ्या, मग ऑनलाइन फसवणूक, मग सातबाऱ्यावरून सख्ख्या भावाने भावाला घातलेला गंडा, आणि वेळ उरलाच तर राजकारण, असा माझा वाचनाचा क्रम. चहाचा कप रिकामा होईपर्यंत जगातली माणुसकी संपलेली असते. मग मी निवांत आंघोळीला जातो. दिवस बरा जातो, असा अनुभव आहे. कुणाकडून कसली अपेक्षाच नसली की दूधवाला वेळेवर आला तरी दिवाळी.

मात्र असं मत बाळगणाऱ्याने पुण्यात दुचाकी चालवू नये. लोक ते मत टिकू देत नाहीत.

याला कारण साइड स्टँड. तो गाडीच्या डाव्या अंगाला असतो. वर घ्यायचा राहिला आणि गाडी डावीकडे वळवली, की त्याचं टोक रस्त्याला टेकतं आणि गाडी माणसाला उचलून फेकते. एवढंच त्याचं शास्त्र. पण त्या वीतभर लोखंडासाठी या शहरात जे चालतं, ते पाहण्यासारखं आहे. पार्किंगच्या दीड फुटावरून जो गृहस्थ सकाळी तुमच्या सात पिढ्यांचं उणंदुणं काढतो, तोच दुपारी तुमचा स्टँड खाली दिसला तर हातातलं काम टाकून तुमच्या मागे धावतो. फुटपाथवरचा भाजीवाला ओरडतो. बसच्या खिडकीतून आजोबा ओरडतात. समोरून येणारा, ज्याला स्वतःचाच जीव सांभाळणं मुश्कील, तोही हँडलवरचा एक हात सोडून तुमच्या पायाकडे बोट दाखवत जातो.

टिळक रस्त्यावर एकदा एक स्कूटर माझ्या अगदी अंगाला घासून आली. वर बसलेली मुलगी की बाई हे सांगणं शक्य नव्हतं, कारण पुण्याच्या रीतीप्रमाणे चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळलेला, वर गॉगल, कोपरापर्यंत हातमोजे. दरोड्याला निघालेलं माणूस याहून वेगळं दिसत नाही. मी खिसा चाचपला. तिने हॉर्न दिला, मी वेग वाढवला. तिनेही वाढवला. कुणीतरी कुणाला तरी कट मारला असणार आणि आता माझ्या नावाने पावती फाटणार, असा हिशोब मी करत होतो, तेवढ्यात स्कार्फच्या आतून आवाज आला, “ओ काका, स्टँड! कधीची ओरडतेय! ऐकू येत नाही का?”

मी स्टँड वर घेतला. आभार मानायला मान वळवली, तर ती गाडी वळवत होती. तिला एस. पी. कॉलेजात जायचं होतं आणि कॉलेज केव्हाच मागे पडलं होतं. मग भर रस्त्यात उलट्या दिशेने, समोरच्या वीस-पंचवीस लोकांचे शिव्याशाप खात ती परत गेली. एका अनोळखी माणसाचं हाड वाचवायचं आणि लगेच वाहतुकीचा नियम मोडून हिशोब बरोबरीत आणायचा, हे फक्त आमच्याकडेच जमतं.

दिव्याचंही तसंच. पूर्वी दिवसा दुचाकीचा दिवा चालू दिसला की समोरून येणारा प्रत्येक जण हाताची बोटं मिटून-उघडून खूण करायचा. बॅटरी माझी, उतरणार माझी, आणि चिंता त्याला. मग १ एप्रिल २०१७ पासून सरकारने नव्या दुचाक्यांचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप पेटेल असा नियम केला. बंद करायला बटणच ठेवलं नाही. नियम चांगला होता, समोरच्याला गाडी लांबून दिसते. पण समोरच्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. मी नवी गाडी घेतल्यावर कित्येक महिने भर उन्हात माझ्यासाठी बोटं मिटत-उघडत होती. “अहो, तो बंद होतच नाही!” असं ओरडून मी दमलो, ते दमले नाहीत. आता नव्या गाड्या स्टँड खाली असेल तर सुरूच होत नाहीत म्हणे. म्हणजे तोही मार्ग बंद होणार. लोकांनी मग ओरडायचं तरी कशासाठी?

जगाचा चांगुलपणा माझ्या नजरेला पडत नव्हता, त्याला खरं कारण हेच असावं. चांगुलपणा म्हणजे मंद हसून, हात जोडून, मऊ आवाजात येणारी काहीतरी वस्तू, अशी माझी समजूत. आमच्याकडचा चांगुलपणा खेकसत येतो. काम करतो, दोन शब्द सुनावतो आणि निघून जातो. वाट पाहणाऱ्याला वाटतं, नुसतं भांडणच झालं.

स्वारगेटहून हडपसरला जाणाऱ्या बसमध्ये मी एकदा मागच्या दाराशी चेंगरलो होतो आणि कंडक्टर पार पुढे. पन्नासची नोट काढून पुढच्याला म्हटलं, “हडपसर एक, पुढे द्या.” नोट निघाली. मी तिच्यावर डोळा ठेवून होतो, कारण वरचं मत. मेंदीच्या हातातून ती कानात बोंडं घातलेल्या पोराकडे गेली. त्याने मोबाईलवरची नजर न काढता ती मागच्या हाताने घेतली आणि पुढच्या हाताने दिली. मग एक कोपर, मग पिशवीतून डोकावणाऱ्या मेथीच्या जुडीमागचं कुणीतरी, आणि नोट दिसेनाशी झाली. गेली, म्हटलं. तेवढ्यात पुढून भांडणाचा आवाज. एक उंच गृहस्थ कंडक्टरला झापत होते, “ही फाटकी वीसची कशाला देता त्यांना? चालणार आहे का कुठे? बदला!” कंडक्टर म्हणाला, तुमचे पैसे आहेत का? गृहस्थ म्हणाले, “माझे नसले म्हणून काय झालं?” बराच वेळ जुंपली. मी कोण, कुठे उभा आहे, कसा दिसतो, त्यांना काहीही माहीत नव्हतं. अखेर तिकीट, कोरी नोट आणि सुटे त्याच वाटेने परत आले. पैन् पै. मेथीचं एक पानसुद्धा चिकटून आलं होतं.

आमचे एक मित्र सतत सकारात्मक असतात. तब्येतीला बरं नसलं तरी असतात. त्यांनी मला ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१९ साली आलेला एक अभ्यास ऐकवला. संशोधकांनी आपल्या देशासह चाळीस देशांतल्या ३५५ शहरांत १७ हजारांवर पाकिटं “रस्त्यात सापडली” म्हणून बँका, हॉटेलं, टपाल कचेऱ्या अशा ठिकाणी काउंटरवर नेऊन दिली आणि मालकाला कोण कळवतं ते पाहिलं. काही पाकिटांत पैसे होते, काहींत नव्हते. बिनपैशाच्या पाकिटांपैकी ४० टक्क्यांबाबत मालकाला निरोप गेला आणि पैसेवाल्यांपैकी ५१ टक्क्यांबाबत. म्हणजे पैसे असले तर लोक जास्त प्रामाणिक! याचा अंदाज आधी नामांकित अर्थतज्ज्ञांना विचारला होता. तो साफ चुकला. अर्थतज्ज्ञांबद्दल तेव्हापासून मला सख्ख्या भावासारखी माया वाटते. मित्र विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहत होते. “आणि उरलेले ४९ टक्के?” मी विचारलं. ते चहा न घेताच गेले.

अपघाताच्या बाबतीत मात्र माझी बाजू भक्कम आहे, असं मी समजत होतो. जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस आणि कोर्टाचे हेलपाटे पडू नयेत म्हणून सर्वोच्च न्यायालयाला २०१६ साली नियमावली पक्की करावी लागली. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात तसं कलमही आलं. “बघा,” मी कट्ट्यावर म्हटलं, “चांगलं वागायला कायद्याचं संरक्षण लागतं, इतका देश रसातळाला गेला.” त्यावर एरवी फक्त शेंगा सोलायला तोंड उघडणारे निवृत्त तलाठी म्हणाले, “मदत करणारे होते म्हणूनच त्यांना त्रास झाला ना? नसलेल्या माणसांसाठी कोण कलम काढतो?” महसूल खात्यातल्या माणसाशी वाद घालू नये, त्यांच्याकडे कागद असतो.

परवा डेक्कनहून घरी येताना पुढच्या पोराचा स्टँड खाली दिसला. आता हे माझं काम नाही. पण पाय आपोआप गिअरवर गेला. गरवारे कॉलेजपाशी हाक मारली, त्याने ऐकलं नाही. नळ स्टॉपच्या सिग्नलला एकदाचा गाठला आणि जीव तोडून ओरडलो, “अरे, स्टँड! कानात बोळे घातलेत का?” त्याने टाचेने स्टँड उडवला आणि समोर पाहत राहिला. थँक्यू नाही, मान हलवणं नाही. मला फार बरं वाटलं. ही पिढी कृतघ्न आहे, हे मी कधीपासून सांगतोय.

तेवढ्यात मागून एक रिक्षा अंगावर आली. “ओ काका, इंडिकेटर! डेक्कनपासून उजवीकडे वळताय, वळा की एकदाचे!”

मी इंडिकेटर बंद करेपर्यंत रिक्षातून पंचाहत्तरीच्या एक आजी अर्ध्या बाहेर आल्या होत्या. “आणि ते हेल्मेट,” त्या म्हणाल्या, “डोक्यात घालायचं असतं हो, आरशाच्या नाही!”